रे. नारायण वामन टिळक : धर्म बदलला, घर कसे बदलले?



दीक्षा घेतलेल्या घरात पहिल्या वर्ष-दोन वर्षांत काही प्रश्न हटकून उभे राहतात. देव्हाऱ्यातले टाक कुठे सोडायचे? दरसाल मरीआईला जाणाऱ्या म्हातारीची समजूत कशी घालायची? मुलीच्या लग्नाला भावकी येईल की नाही? आणि गावातला एखादा तोंडावर म्हणतो की सवलतींसाठी धर्म बदललात, त्याला उत्तर काय द्यायचे? हे प्रश्न आपल्याच वाट्याला आले असे समजू नका. आपल्या आधी या महाराष्ट्रात ज्यांनी ज्यांनी धर्म बदलला, त्यांच्याही घरात ते उभे राहिले होते.

म्हणून आज तुम्हांला अशा एका माणसाचे चरित्र सांगतो, की जो जन्माने ब्राह्मण होता, ज्याने ख्रिस्ताचा मार्ग धरला आणि ज्याची अखेरची वर्षे आपल्या कराडपासून पन्नासेक किलोमीटरवर, साताऱ्यात गेली. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे नाव. केसरीकार लोकमान्य टिळक ते निराळे, हे निराळे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या आईवडिलांनी शाळेत यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता पाठ केली असेल. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण आपल्याला आज कवी टिळकांपेक्षा धर्मांतरित टिळकांशी जास्त कर्तव्य आहे.

त्यांचा मार्ग आपला नव्हे, हे आरंभीच स्पष्ट असू द्या. पण दुसऱ्याच्या वाटेवरचे खाचखळगे पाहून घेतले, तर आपले पाऊल जपून पडते.

अस्वस्थ तरुण

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. 6 डिसेंबर ही तारीख आपल्या हृदयात वेगळ्या कारणाने कोरलेली आहे. 1956 साली त्याच दिवशी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. हा निव्वळ योगायोग आहे. आपण बुद्धाचे अनुयायी, शकुन-अपशकुन मानीत नाही.

वडील कडक स्वभावाचे, आई प्रेमळ. आई लवकर गेली आणि पोराचा घरातला ओढा संपला. तो नाशिकला आला. तिथे त्याने संस्कृतचे अध्ययन केले, थोडे इंग्रजी शिकला. 1880 च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. मुलगी अकरा-बारा वर्षांची. तिचे सासरचे नाव लक्ष्मी. पुढे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहून मराठी साहित्यात अजरामर झालेल्या लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच.

या लक्ष्मीबाईंच्या माहेरची एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेडच लागले होते. बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय वापरायची नाही, कोणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, आणि या धाकाखाली बायको-पोरांचा जीव मेटाकुटीला आलेला. विटाळाच्या कल्पनेने बाहेरच्या माणसाला जसा ताप होतो, तसा ती बाळगणाऱ्याच्या घरालाही होतो, हे आपल्या लोकांना कदाचित नवल वाटेल. लक्ष्मीबाई असल्या घरात वाढल्या होत्या.

टिळक एका जागी ठरत नसत. आज इथे मास्तरकी, उद्या तिथे छापखान्यात, परवा आणखी कुठे. मनात आले की उठायचे आणि चालू लागायचे. मागे बायको काय खाते याची फिकीर नाही. पैसा हाती आला की वाटून टाकायचा. बुद्धी तेजस्वी, मन मोठे, राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. नागपुरास असताना त्यांनी धर्मविषयक विचारांसाठी 'ऋषि' नावाचे मासिक चालविले. जुन्या धर्मावरचा विश्वास तेव्हाच डळमळू लागला होता. माणसामाणसांत उच्चनीच भेद करणारा धर्म देशाचे भले कसे करील, ही टोचणी त्यांना लागली होती.

गाडीतला प्रवासी

1893 च्या सुमारास नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. गोरा मनुष्य नेटिवाशी इतक्या आदराने बोलतो याचेच टिळकांना आश्चर्य वाटले. बोलता बोलता त्याने बायबलमधला नवा करार त्यांच्या हाती दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ते भाकीत हसण्यावारी नेले. पुस्तक मात्र वाचले. येशूने डोंगरावर केलेल्या प्रवचनापाशी ते थबकले. शत्रूवरही प्रेम करावे, दीनांना धन्य म्हणावे, ही शिकवण त्यांच्या अंतःकरणाला भिडली.

पुढे त्यांचा मिशनच्या लोकांशी पत्रव्यवहार झाला, मनात पुष्कळ झगडा झाला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंदिरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा.

हे मिशन कोणते, तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेतले हे प्रॉटेस्टंट प्रचारक 1813 साली मुंबईत आले आणि 1831 पासून अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे त्यांचे मोठे केंद्र झाले. साताऱ्यातही त्यांचे काम होते. आपल्या भागात दक्षिणेकडे दुसरे एक अमेरिकन मिशन काम करी. मिरजेला 1894 साली डॉ. वानलेस यांनी काढलेले इस्पितळ त्याचेच. या सर्वांची शिकवण साधारण एकच होती : मनुष्य पापी आहे, चर्चच्या विधींनी किंवा पुण्यकर्मांनी तो तरत नाही, पश्चात्ताप करून ख्रिस्तावर स्वतः विश्वास ठेवील तोच तरेल, आणि बायबल प्रत्येकाने आपल्या भाषेत वाचावे. या शेवटच्या आग्रहामुळे त्यांनी गावोगाव शाळा काढल्या, आणि ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई अशांच्या पोरांना अक्षरओळख झाली. हे उपकार नाकारण्याचे कारण नाही.

घर मोडले

टिळकांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. नवऱ्याने त्यांना विचारले नव्हते, पुरते सांगितलेही नव्हते. पदरात दत्तू नावाचा तीन-चार वर्षांचा मुलगा. बातमी आली ती नातेवाइकांकडून. नवरा जिवंत असून मेल्यासारखा, अशी त्या काळच्या ब्राह्मण घरातली ही अवस्था. बहिणीच्या, भावाच्या आधाराने नाशिक, पंढरपूर, जलालपूर असे त्यांचे दिवस गेले. चार-साडेचार वर्षे हा वनवास चालला.

धम्मबंधूंनो, येथे थांबा आणि विचार करा. टिळकांचा हेतू शुद्ध होता. त्यांना पैसा नको होता, नोकरी नको होती. सत्य सापडले असे वाटले म्हणून ते गेले. पण ज्या बाईचे आयुष्य त्या निर्णयाने उलटेपालटे होणार होते, तिला त्यात जागा नव्हती. प्रेमाचा धर्म घ्यायला निघालेल्या माणसाने आपल्याच घरातल्या एका माणसाला अंधारात ठेवले.

याच्याशेजारी आपल्या धर्मांतराचा इतिहास ठेवून पाहा. बाबासाहेबांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि दीक्षा घेतली ती 14 ऑक्टोबर 1956 रोजी. मध्ये एकवीस वर्षे गेली. त्या काळात परिषदा झाल्या, भाषणे झाली, सगळ्या समाजाला विचार करायला वेळ मिळाला. नागपुरात माईसाहेब त्यांच्यासोबत होत्या आणि समोरच्या अथांग समुदायात बाया, माणसे, पोरे एकत्र उभी होती. पण तुमच्या-आमच्या घरात काय घडते? कर्ता पुरुष सभेला जातो, दीक्षा घेऊन येतो आणि घरी येऊन हुकूम सोडतो की उद्यापासून देव बंद. बायको गुपचूप चुलीमागे अंगारा ठेवते. याला धर्मांतर म्हणायचे का?

पाण्याचा हंडा

1899 च्या सुमारास लक्ष्मीबाई नवऱ्याकडे नगरला आल्या. त्या ख्रिस्ती होऊन आल्या नव्हत्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे-ओवळे पूर्वीचेच. भोवताली राहणारे बहुतेक ख्रिस्ती पूर्वाश्रमीचे महार-मांग. त्यांचा स्पर्श झालेले पाणी लक्ष्मीबाईंना चालत नसे. या वेळेपर्यंत टिळकही पोळून शहाणे झाले होते. त्यांनी बळजोरी केली नाही. तुझा धर्म तू पाळ, माझा मी पाळतो, अशी मोकळीक दिली आणि प्रश्न विचारले तर उत्तरे दिली.

मग या बाईने आपल्याच बुद्धीने विचार केला. जन्माला येताना माणसावर जातीचा शिक्का कुठे असतो? मेल्यावर तरी कुठे दिसतो? जात माणसांनीच केली असली पाहिजे आणि माणसांनी केलेली गोष्ट माणसाला टाकता आली पाहिजे. हे मनाशी पक्के झाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे ठरविले. आयुष्यभराच्या सवयीने शरीर बंड करी, पण निश्चय ढळला नाही. बाप्तिस्मा त्यांनी 1900 साली राहुरीला घेतला, तो त्यानंतर. म्हणजे आधी जात गेली, मग धर्म बदलला. टिळकांचे धर्मांतर एका दिवसात झाले होते. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली, पण त्यांचे धर्मांतर पाण्याच्या हंड्यापर्यंत जाऊन पोचले.

त्याच 1900 सालच्या नोव्हेंबरात इकडे साताऱ्याच्या हायस्कुलात भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. त्या काळात शाळेत बसायला तो घरून गोणपाट नेई. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर तहानलेलाच घरी. राहुरीत एक ब्राह्मण बाई पाण्याचा विटाळ मनातून धुऊन काढीत होती आणि साताऱ्यात तोच विटाळ एका लेकराचा घसा कोरडा ठेवीत होता. एका बाईचे मन बदलले, चांगलेच झाले. पण शाळेची तोटी त्याने सुटली नाही. ती सुटायला महाडच्या 1927 च्या सत्याग्रहासारखे लढे लागले. मनाचे परिवर्तन आणि हक्काचा लढा, दोन्ही हवेत, ते यासाठी.

मंडळीतले दुःख

नगरमध्ये टिळकांनी धर्मोपदेशक घडविणाऱ्या विद्यालयात शिकवले. 1904 साली त्यांना रीतसर धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. दुष्काळातली, रोगराईतली अनाथ पोरे त्यांच्या घरात वाढली. कवी बालकवी ठोमरे यांनाही या घराने पोटच्या पोरासारखे सांभाळले. 1912 पासून 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती पत्राच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे होते.

पण मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आतला व्यवहार पाहून ते कष्टी होत. 1896 पासूनच्या दुष्काळांत पुष्कळ गरीब माणसे मिशनच्या आसऱ्याला आली. त्यांना लोक पोटासाठी बाटले म्हणून हिणवीत. हे बोल तुमच्या ओळखीचे वाटतात ना? उपाशी माणसाला भाकर देणाऱ्याचा धर्म त्याला आपलासा वाटला, यात लाज कसली? लाज वाटायची तर ती ज्यांनी त्याला उपाशी ठेवले त्यांना वाटावी.

टिळकांचे दुःख वेगळे होते. गोरा साहेब मायबाप, त्याच्या हातात पगार, त्याच्या हातात शाळा, त्याच्या हातात मंडळी. त्यामुळे देशी ख्रिस्ती माणूस कायमचा हात पसरून उभा राहतो, असे त्यांना दिसले. उपासनेतली गाणी विलायती चालीवर, शब्द भाषांतरित, वागणे-नेसणे साहेबी. शेजारच्या हिंदूला वाटे की हा आपल्या देशातून उठून गेला. टिळकांनी मिशनऱ्यांना स्पष्ट सुनावले की तुम्ही धनी म्हणून राहू नका, भाऊ म्हणून राहा. आणि दुसरीकडे त्यांनी शेकडो गीते, अभंग, पदे रचली, भजन-कीर्तन मंडळीत आणले. तुकोबांच्या अभंगांवर त्यांचे मन पोसले होते आणि त्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते मानीत. त्यांची गीते आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' त्यांनी लिहावयास घेतले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. माजघरातली, जेमतेम अक्षरे गिरवलेली बाई अर्धवट राहिलेले महाकाव्य पुरे करते, यावरून शिक्षणाने काय होते ते ओळखा.

आपल्या भाषेत धर्म सांगावा ही गोष्ट आपल्याला नवी नाही. लोकांना आपापल्या बोलीत धम्म शिकू द्यावा, अशी बुद्धाची भिक्खूंना आज्ञा होती. आपल्या कराडजवळच्या आगाशिवच्या लेण्यांत भिक्खू राहत होते, ते या मातीतल्या माणसांच्या दानावर आणि या मातीतल्या माणसांशी बोलत. आज विहारात आपण पाली गाथा म्हणतो, त्या म्हणाव्यातच. पण मुलाला त्यांचा अर्थ मराठीत सांगता आला पाहिजे. अर्थ न कळता म्हटलेली गाथा आणि भटाचा मंत्र यांत फरक तो काय राहिला?

साताऱ्यातील दरबार

1917 साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनचा पगार सोडला. संन्याशासारखे राहावयाचे ठरवून ते साताऱ्याला आले आणि 'देवाचा दरबार' या नावाने त्यांनी एक बंधुसंघ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, जो ख्रिस्ताला गुरू मानतो तो या दरबारातला, असा त्यांचा नियम होता. परदेशी पैसा नको, परदेशी हुकूम नको, कोणी कोणाचा साहेब नको. चर्चमधल्या अनेकांना हे पसंत पडले नाही. बाप्तिस्मा नसेल तर माणूस ख्रिस्ती कसा, आणि मंडळीची शिस्त राहील कशी, हा त्यांचा सवाल होता. तोही अगदीच खोटा म्हणता येणार नाही.

दरबार फार काळ चालला नाही. टिळकांची प्रकृती ढासळली आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत जे. जे. इस्पितळात त्यांचे निधन झाले. एका माणसाच्या तेजावर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबर मावळली.

ज्या 1917 साली साताऱ्यात हा समतेचा दरबार भरत होता, त्याच साली परदेशातून मोठे शिक्षण घेऊन परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला खोली मिळत नव्हती. पारशी वसतिगृहातून त्यांना लाठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढले. कित्येक तास ते डोळ्यांत पाणी घेऊन झाडाखाली बसले. टिळकांच्या दरबारात हृदयाला हृदय भेटत असेल, पण असल्या अन्यायाला जाब विचारण्याची योजना त्या दरबाराजवळ नव्हती. नेमका हाच आक्षेप बाबासाहेबांनी पुढे घेतला. 1938 च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींचा आपल्या मनावर प्रभाव असल्याचे सांगितले. पण ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढत नाही, हेही तोंडावर सांगितले. धर्म बदलून चर्चमध्ये गेल्यावरही जात मागोमाग जाते, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांनी सर्व धर्म तपासले आणि बुद्ध निवडला. ख्रिस्ती धर्मात तारणारा देवाचा पुत्र आहे. बुद्ध स्वतःला मोक्षदाता म्हणवीत नाही, मार्गदाता म्हणवितो. चालायचे आपल्यालाच.

आपण काय घ्यायचे

टिळकांचा देव आपण घेत नाही, प्रार्थना घेत नाही. पण त्यांच्या आयुष्यातून तीन गोष्टी आपल्या घरी न्यायला हरकत नाही.

पहिली, घरातल्या बाईला बरोबर घेतल्याशिवाय धर्म घरात येत नाही. तिच्यावर हुकूम चालवू नका. तिला वाचायला शिकवा, तिचे प्रश्न ऐका, तिला वेळ द्या. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे घेतली आणि नवऱ्याच्याही पुढे गेल्या. बावीस प्रतिज्ञा तिला पाठ आहेत का, हे विचारण्याआधी त्यांतली एकेक तिला समजली आहे का, हे विचारा. आणि तुम्हांला तरी समजली आहे का, हे स्वतःला विचारा.

दुसरी, जात आधी टाका. आपल्यात पोटजाती नाहीत असे छातीला हात लावून सांगता येईल का? मांग, चांभार, ढोर बांधवाच्या घरचे पाणी आपण पितो का? त्याच्या घरात मुलगी देतो का? ब्राह्मणाने आपल्या घागरीला शिवू दिले नाही याची चीड आपल्याला येते. मग आपल्या घागरीचे काय?

तिसरी, स्वतःच्या पायावर उभे राहा. विहारासाठी आमदाराच्या निधीची वाट पाहत वर्षे घालवू नका. दर घरामागे महिन्याला थोडे थोडे जमा केले तर चार भिंती उभ्या राहतात. आणि एकाच पुढाऱ्याच्या भरवशावर संघटना ठेवू नका; तो गेला की कुलूप लागते. देवाच्या दरबाराचे काय झाले ते तुम्ही वाचलेच.

या पौर्णिमेला वंदनेनंतर घरातली सगळी माणसे एकत्र बसवा. म्हातारीला मध्ये बसवा. धर्म बदलल्याने तुमच्या मनात काय सलते, असे तिला आदराने विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. टिळकांच्या घरात हे बोलणे वेळेवर झाले असते, तर एका बाईची चार वर्षे अश्रूंत गेली नसती.

जय भीम! नमो बुद्धाय!